आईचा म्हणून दाखवलेला चेहरा

अण्णा,

डोळ्यांपुढे एक जुनी रविवारची सकाळ आहे. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून स्टुलावर बसला आहात, मांडीवर परात आहे आणि आपण दोघं मटार सोलतो आहोत. टरफलांचीही भाजी करायची म्हणून तुम्ही प्रत्येक टरफलाच्या आतला तो काचेसारखा पापुद्रा ओढून काढता. तुमच्या हातून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघतो, माझ्या हातून मध्येच तुटतो. "घाई करतेस," तुम्ही म्हणता. मी चाळिशी ओलांडलेली, शाळेत पन्नास मुलींना गप्प बसवणारी बाई, पण तुमच्यापुढे मला पापुद्रा काढता येत नाही. मागच्या दारी आई शेवंतीला पाणी घालते आहे. मला सासर गावातच मिळालं याचं मला अशा रविवारी फार बरं वाटायचं.

आज मी जे लिहिते आहे ते तुमच्याशी भांडण आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. आपल्या कॉलनीच्या वाचनालयात मी जे चित्र उंच धरून "ही माझी आई" असं म्हटलं, ती आई नव्हती. तुम्हाला हे ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. तुम्ही दोघंही समोर बसला होतात आणि त्या सभागृहात हे ठाऊक नसलेली, निदान आपल्या घरातली, मी एकटीच होते. तुम्ही एक शब्द बोलायला हवा होतात.

त्या वर्षी नव्या नोटा आल्या होत्या. दहाच्या, शंभराच्या नोटेवर सिंहांच्या जागी राष्ट्रपित्याचा हसरा चेहरा आला आणि नाशिक रोडला प्रत्येक घरात त्याचीच चर्चा. ज्या गावात शेजारीपाजारी निम्मे लोक नोटा-तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये, तिथे नोट म्हणजे घरचंच कार्य. तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तसे तुम्ही टपाल तिकिटांवरचे चेहरे कोरणारे, नोटांशी तुमचा संबंध नव्हता, पण बाहेरच्यांना प्रेस म्हणजे नोटाच. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय अण्णा, हे तुम्हीच काढलं का?" तुम्ही नुसती मान हलवायचात, हो का नाही ते त्यांनी समजावं. प्रेसमधलं घरी बोलायचं नाही ही तुमची जुनी शिस्त. रोज दारावर झडती देऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला खिसे रिकामे ठेवायची सवय लागते, तशी तोंडाचीही लागली असेल.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला वादविवाद ठेवला होता. विषय: नोटेवर चेहरा कोणाचा असावा? मी नाव दिलं आणि आठवडाभर शाळा सुटली की तुमच्याकडे येत राहिले. ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस आहेत, आणि आता त्यांच्याकडे कसं बघायचं हे मला कळत नाही, ही माझी पहिली तक्रार. तुम्ही कधी नव्हे ते कामाबद्दल बोलत होतात. खिशातून नोट काढून खिडकीच्या उजेडात धरत होतात. "चेहराच का घालतात, सांग बरं," तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, आदर म्हणून. तुम्ही हसलात. "आदराचं सरकार बघेल. चेहरा घालतात कारण माणसाला चेहऱ्यातली खोट लगेच कळते. देवळाचा खांब एखादा केसभर सरकला तर कोणाला पत्ता लागत नाही. ओठाची कड सरकू दे, भाजीवालीसुद्धा म्हणेल, ही नोट बरी दिसत नाही." मग म्हणालात, म्हातारा चेहरा सगळ्यांत चांगला. गुळगुळीत गाल कोणीही उतरवेल, सुरकुती उतरवून दाखव म्हणावं. आणि चेहरा मधोमध घालू नये, कारण लोक नोट मधोमध दुमडतात, घडी नाकावरून जाते.

मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते. लहानपणी एकदा मी नोटेवर पेनाने बाहुली काढली होती, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून पेन काढून घेऊन म्हणाला होतात, "यात कोणाची तरी नजर गेली आहे." तुम्ही मला तेवढं एकदाच रागावलेलं आठवतं. त्या वाक्याचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला असं वाटलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी शब्दकोश शोधायला मी तुमची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांची गुंडाळी होती. सोडली तर एका बाईचे चेहरे. पेन्सिलने, बारीक रेघांनी, तुम्ही कोरताना मारता तशाच. एकाच बाईचे, पण वेगवेगळ्या वयांतले. तरुणपणी हनुवटी टोकदार, मग गाल ओढलेले, मग डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचं जाळं. मी तिथेच फरशीवर बसले. मला वाटलं, अण्णांनी आईला आयुष्यभर पाहिलं आणि आम्हाला कधी कळू दिलं नाही. मी सगळ्यांत म्हातारं चित्र घेऊन अंगणात आले. तुम्ही दाढी करत होतात. "अण्णा, ही आई ना?" तुम्ही आरशातून बघितलंत. गालावर साबण होता. "नीट धर, दुमडू नकोस," एवढंच म्हणालात.

आईचा चेहरा गोल होता, अण्णा. मळ्यातल्या माणसांचा असतो तसा, उन्हाने रापलेला, साठीपर्यंत गालावर एक रेघ नाही. पण मी तुमची लेक होते, तुमच्या कामातलं मला थोडंफार कळतं असा माझा समज होता. कोरणारा माणूस पत्र्यावर सगळं उलटं काढतो, छापल्यावर ते सुलट होतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. चित्रातल्या बाईची चमकी उजव्या नाकपुडीत होती, आईची डावीकडे. मी मनाशी म्हटलं, अण्णांना उलट काढायची सवय, आई आरशातली आली आहे, म्हणून जरा अनोळखी दिसते. एवढं सोपं. दुसऱ्या कोणाच्या मुलीला चमकी खटकली असती. माझ्याकडे तिचं उत्तर तयार होतं.

वर्धापनदिनाला संध्याकाळी सभागृह भरलं होतं. निवृत्त स्टेशनमास्तर महाराजांसाठी बोलले, टेबलावर मूठ आपटत. एक तरुण वकील घटनाकारांसाठी बोलला, आणि खरं सांगायचं तर मुद्देसूद तोच बोलला. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, लक्ष्मीवर लक्ष्मीच हवी, त्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "मग उसने कसे मागायचे, आरती करून?" चांदवडचा एक कांद्याचा व्यापारी पाव्हणा म्हणून आला होता. तो उभा राहून म्हणाला, "कांदा छापा साहेब. सकाळी नोट बघितली की भाव कळंल." सगळे हसले, तुम्हीही. सिंहांच्या बाजूने बोलायला उठलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले, सिंह बरे होते, ते कोणाच्या जातीचे नव्हते. तेव्हा कोणी हसलं नाही.

मग मी. लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं तशी सरळ उभी राहिले, हात मागे बांधून. मी म्हटलं, थोरांचे चेहरे घाला, जरूर घाला, पण एका नोटेवर एक अशी बाई असू दे जिला कोणी ओळखत नाही. पहाटे फुलं खुडून, गजरे करून बाजारात पाठवणारी. जिच्या हातून आयुष्यभर नोटा गेल्या आणि एकीवरही तिच्यासारखं कोणी नव्हतं. मग मी ते पान उलगडून उंच धरलं. "ही माझी आई. आमच्या अण्णांनी काढलेली. ते आयुष्यभर उलटं कोरत आले, त्यामुळे बघा, आईची चमकीसुद्धा उजवीकडे गेली आहे." काय टाळ्या पडल्या, अण्णा. चमकीच्या वाक्याला सर्वांत जास्त. ते वाक्य मी आरशासमोर उभी राहून घोकलं होतं.

परीक्षकांनी तुम्हाला उठवलं. म्हणाले, जाणकार आपल्यात बसले आहेत, त्यांनी दोन शब्द सांगावेत. तुम्ही सुरकुत्यांचं सांगितलंत, घडीचं सांगितलंत. तुम्ही खाली बसत होतात तेव्हा स्टेशनमास्तरांनी विचारलं, "वहिनींना कधी बसवलंत हो समोर? आम्हाला पत्ताच नाही." आणि तुम्ही म्हणालात, "जुनं आहे." दोन शब्द. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला कळतं. चित्र जुनंच होतं. तुम्ही तुमची रेघ जपलीत, माझी नाही आणि आईचीही नाही. बायकांच्या रांगेत आईने पदर पुढे ओढला आणि शेजारणीने तिला कोपर मारून म्हटलं, "लाजतेय बघा." मीही हसले.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "चांगलं बोललीस. माझ्या फुलांचं बोललीस ते लय बरं वाटलं." मग जरा वेळाने, "ते चित्तर आता ठेवून दे." मला वाटलं, संकोच. म्हणून मी काय केलं? पुढच्याच आठवड्यात ते नाशिकमधल्या दुकानात नेऊन काचेत बसवलं आणि तुमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर टांगलं. खिळा तुम्ही ठोकलात. तुम्ही गेलात तेव्हाही ते तिथेच होतं. दर शनिवारी आई ओल्या फडक्याने ती काच पुसायची, आधी काच, मग चौकट, मग मागची भिंत. तुम्ही खुर्चीत पेपर वाचत असायचात. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीतरी शनिवारी पाहिलं आहे आणि मला ते संसाराचं सुंदर चित्र वाटायचं. आता मला त्यातलं फक्त फडकं दिसतं. अण्णा, तुम्ही पेपराच्या वरून एकदाही बघितलं नसेल का? निदान "राहू दे, मी पुसतो" एवढं तरी?

तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला असेल, दुपारी फाटक वाजलं. मीच उघडलं. एक उंच, कृश बाई, पांढरी सुती साडी, हातात कॉफीच्या भुकटीचं पुडकं. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते आणि तिच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ मला पाठ होती. डोळ्यांच्या कडेचं जाळं, ओठाची खाली झुकलेली डावी कड, उजव्या नाकपुडीतला खडा. मी दार धरून उभी राहिले. मागून आई आली. तिने त्या बाईला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "या. उशीर केलात."

आईने तिला बाहेरच्या खोलीत बसवलं नाही, थेट स्वयंपाकघरात नेलं. त्यामुळे ते काचेतलं चित्र तिने पाहिलं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. ती प्रेसमध्ये चेकिंगला, छापून आलेले कागद तपासायला होती, मूळची कानडी, नवरा लवकर गेलेला. मराठी बरं बोलत होती, फक्त जरा मोजून. "ते आमच्या प्रेसच्या बसला होते," ती म्हणाली. "माझ्या समोरची सीट. रोज खिडकीकडे बघायचे. म्हणजे मला वाटायचं, खिडकीकडे." आईने चहा गाळला. "बोलायचे का?" आईने विचारलं, जसं एखाद्या भाडेकरूबद्दल विचारावं. "नाही. रिटायर झाले त्या दिवशी एकदा. म्हणाले, तब्येत सांभाळा." आई म्हणाली, "मला पण तेवढंच म्हणायचे." मग दोघी थोड्या हसल्या.

ती गेल्यावर मी आईला म्हटलं, तुला माहीत होतं? ती कपबशा विसळत होती. "डबा राहिला होता एकदा यांचा. बसपाशी पळत गेले. खिडकीतून दिसली, समोर हे. तेव्हाच ट्रंकेतली कोण ते कळालं." मी म्हटलं, मग त्या दिवशी सभागृहात तू बोलली का नाहीस, मी एवढी चमकीची गोष्ट सांगत होते. आई म्हणाली, "तू एवढी शिकलेली. मी काय सांगू? उलटं ते पत्र्यावर काढायचे बाई. कागदावर सरळच काढत." आणि हात पुसून शेवंतीकडे गेली. मी चित्र उतरवायला निघाले तर आतून ओरडली, "राहू दे तिथंच. भिंत भुंडी दिसंल."

तुमच्यात काय होतं, हे मी त्या बाईला विचारलं नाही आणि आता विचारणार नाही. काही नसेलही. बसच्या खिडकीत दिसणारा एक चेहरा, ज्यात दरवर्षी एक रेघ वाढते आहे आणि कोरणाऱ्या माणसाला ती बघितल्याशिवाय राहवत नाही. हे मी स्वतःला समजावलं आहे, आणि बऱ्याच दिवशी ते मला पटतंसुद्धा. तुम्ही कोणाला बघितलंत याचा मला राग नाही. आईला बघितलं नाहीत याचा आहे. त्या ट्रंकेत मी नंतर शेवटच्या पानापर्यंत शोधलं. आईचं एकही चित्र नाही. तिच्या गोल चेहऱ्यावर तुमच्या पेन्सिलीला पकडायला काही मिळालं नसेल, पण शेवटी शेवटी तर तिलाही सुरकुत्या आल्या होत्या, आणि तुमची नजर शाबूत होती. आणि एवढं सगळं असून माझ्या तोंडून भर सभेत तिची ओळख दुसरीच्या चेहऱ्याने होऊ दिलीत. मी जिंकले त्या स्पर्धेत. स्टीलचा जग मिळाला होता. तो आईने वापरायला काढला नाही तेव्हाही मला काही खटकलं नाही.

आईही गेली. घर आता विकायचं ठरलं आहे, येत्या महिन्यात किल्ल्या द्यायच्या आहेत. भाऊ नामपूरला असतो, दर फोनला एकच म्हणतो, "ताई, मला काही नको. आईचं ते चित्र तेवढं मला दे." त्याला अजून काहीच माहीत नाही. वाटण्या मलाच करायच्या आहेत, म्हणून इथेच लिहून ठेवते, म्हणजे माझं मन बदलणार नाही.

तुमच्या कोरण्या, लाकडी मुठींच्या, सगळ्या, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना. त्या मुलींकडून लिनोवर चित्रं कोरून छापून घेतात, त्यांना उपयोग होईल. भिंग माझ्या मुलीला. आईची शिलाई मशीन शेजारच्या वहिनींना, शेवटची दोन वर्षं तिचं सगळं त्यांनी केलं. शेवंतीची रोपं आईच्या माहेरी मळ्यात परत. ट्रंकेतली कॅलेंडरची पानं गुंडाळून, रजिस्टर्ड पोस्टाने, हुबळीला त्या बाईंकडे. पुतण्याकडे असतात त्या, पत्ता मी मागवून घेतला आहे. बरोबर चिठ्ठी नाही. बघतील आणि समजतील, किंवा नाही.

भावाला चौकट द्यायची, पण त्यात आईच्या रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून. शिक्क्याची शाई कपाळावर आली आहे, स्टुडिओवाला म्हणतो काढून टाकतो. मी नको म्हटलं. का ते चित्र नाही, हे त्याला मी नामपूरला जाऊन समोर बसून सांगणार आहे. तो चिडेल. मला म्हणेल, इतकी वर्षं गप्प का बसलीस. त्याचं बरोबर असेल.

राहिलं चौकटीतून काढलेलं ते एक पान. तेही हुबळीलाच जायला हवं, दुसऱ्या कोणाचा त्यावर हक्क नाही. पण ते मी गुंडाळीत घातलेलं नाही, अण्णा, माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलं आहे. डोळे मिटून आईला आठवायला गेले की अजूनही तोच चेहरा येतो.